उंबऱ्यावर अडवलेला बंधू
फ्रीमेसन म्हटले की गुप्त खुणा, बंद दारे आणि कुजबुज आठवते. मुंबईत मात्र या बंद दाराचीच एक कहाणी आहे. बंधुत्वाचा घोष करणाऱ्या गोऱ्या सभासदांनी माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थाला प्रवेश नाकारला. युरोपात गेल्यावर त्यांनी थेट पॅरिसमध्येच दीक्षा घेतली! अखेर १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत उघडले. स्वातंत्र्यानंतर साहेब मायदेशी परतला, तरी दिवा विझला नाही. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ स्थापन झाली आणि देशातली अनेक लॉज भारतीय छत्राखाली आली. ज्यांना उंबऱ्यावर अडवले, त्यांच्याच देशबांधवांनी पुढे ते घर सांभाळले.