ऊर्जा परत घेणारे कणवेगवर्धक आणि शलाकेच्या स्थैर्याची सीमा

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रेखीय वेगवर्धकात शिशाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या अतिसंवाहक पोकळ्या जड आयनांची ऊर्जा वाढवितात. आयन पोकळ्यांतून एकदाच जातात व लक्ष्यावर आदळतात. त्यांना दिलेली ऊर्जा तेथेच संपते. शलाकेचा प्रवाह अत्यल्प असल्यामुळे हा व्यय सोसण्याजोगा असतो. परंतु १०० मेगॅइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांची १० मिलिअँपिअरची शलाका हवी असेल, तर १ मेगॅवॉट शक्ती अखंड पुरवावी लागेल.

या अडचणीवर मॉरी टिग्नर यांनी १९६५ मध्ये उपाय सुचविला. वापरून झालेली शलाका वळवून त्याच पोकळ्यांत अर्ध्या आवर्तनाच्या कलाभेदाने परत आणावयाची. तेथे तिचा वेग न वाढता ती मंद होते व आपली ऊर्जा पोकळीतील क्षेत्रास देते. त्याच क्षेत्राकडून नवे इलेक्ट्रॉन ऊर्जा घेतात. मग शक्तीचा प्रश्न बहुतांशी सुटतो. परंतु प्रवाह हवा तितका वाढविता येतो काय?

तसे होत नाही. पोकळीत वेग वाढविणाऱ्या मुख्य कंपनाखेरीज उच्च कंप्रतेची इतर कंपनेही संभवतात. त्यांपैकी द्विध्रुवी कंपन शलाकेस आडवा धक्का देते. पहिल्या फेरीत हा धक्का बसलेला इलेक्ट्रॉनांचा पुंजका मार्गावरून फिरून अक्षापासून थोडा दूर सरकलेला असा परत येतो. अक्षाबाहेरून जाणारा पुंजका ते कंपन अधिक उद्दीपित करू शकतो. झोपाळ्यास योग्य क्षणी दिलेल्या झोक्याप्रमाणे ही देवघेव वाढत जाते. कंपनात भरणारी ऊर्जा भिंतींत व बाहेर जाणाऱ्या ऊर्जेहून अधिक झाली की शलाका नळीवर आदळते. ज्या प्रवाहास भरणे व गळणे समसमान होते, तो सीमाप्रवाह होय.

एकच कंपन व एकच परतफेरी धरल्यास हा सीमाप्रवाह शलाकेच्या संवेगाच्या सम प्रमाणात असतो. आणि कंपनाचा गुणवत्तांक, त्याची शलाकेशी असलेली जोड व धक्क्याचे विस्थापनात रूपांतर करणारा मार्गाचा गुणांक यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. परतीस लागणाऱ्या काळावर कंपनाची कला अवलंबून असते. ती प्रतिकूल असेल तेव्हाच हा नियम लागू पडतो. येथे एक विरोध ध्यानात येतो. अतिसंवाहकतेमुळे मुख्य कंपनाचा गुणवत्तांक प्रचंड होतो, आणि त्याविना ऊर्जेची परतफेड लाभदायक ठरत नाही. परंतु त्याच पोकळीत घातक कंपनेही दीर्घकाळ टिकतात.

अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेच्या मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरासाठी उभारलेल्या सुधारित यंत्रात याचा प्रत्यय आला. १० मिलिअँपिअरसाठी योजलेल्या त्या यंत्रात विशिष्ट मार्गरचनेत सुमारे अडीच ते तीन मिलिअँपिअरलाच अस्थैर्य उद्भवले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार उपाय दोन दिशांनी झाले. एक, घातक कंपनाचे अवमंदन. दुसरा, तिरप्या चतुर्ध्रुवी चुंबकांच्या साहाय्याने आडव्या धक्क्याचे उभ्या विस्थापनात रूपांतर करणे. त्यामुळे परतलेला पुंजका त्या कंपनास पूर्वीप्रमाणे पोसू शकत नाही, व सीमा पुष्कळ वर जाते.

कॉर्नेल विद्यापीठातील यंत्रात २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनांनी चार फेऱ्यांत ऊर्जा घेतली आणि पुढील चार फेऱ्यांत ती परत केली. फेऱ्या वाढल्या की पोकळ्यांचा खर्च वाचतो. परंतु तेच कंपन शलाकेस अधिक वेळा भेटते, म्हणून सीमाप्रवाह घटण्याची भीती वाढते. यास्तव अशा वेगवर्धकाची क्षमता केवळ त्याला मिळणाऱ्या शक्तीवरून ठरत नाही. पोकळीतून नको ती कंपने किती लवकर नाहीशी करता येतात, यावर ती अवलंबून राहते.