पाहुणे कंपनीचे, अटी यजमानाच्या

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला, जालना रस्त्याच्या आणि रेल्वेमार्गाच्या कडेने मुकुंदवाडी पसरली आहे. शेजारी चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि विमानतळ आहे. तिथून थोडे पुढे शेंद्र्याला स्कोडा, ह्योसंग अशा परदेशी कंपन्यांचे कारखाने आहेत. याच मुकुंदवाडीतल्या शाळकरी मुलांची बातमी २०१९च्या दुष्काळात जगभर गेली. घरी नळ नसल्याने ही मुले हंडे-कॅन घेऊन रेल्वेत बसायची आणि शहराच्या मुख्य स्थानकावरून पाणी भरून आणायची. जगाशी व्यवहार करणारे उद्योग आणि पाण्यासाठी रेल्वेने जाणारी मुले एकमेकांपासून काही मैलांवर असतात, तेव्हा एक विचार साहजिकच पुढे येतो. या कंपन्यांनी आपली शिकलेली, कसबी माणसे अशा वस्त्यांत कामाला का पाठवू नयेत? पाठवावीत, असेच माझे उत्तर आहे. पण त्याला एक अट जोडली पाहिजे, आणि ती अट हाच या लेखाचा विषय आहे. कोणी यायचे, किती दिवस राहायचे, कोणते काम करायचे आणि त्याचा खर्च कोणी द्यायचा, हे येणाऱ्याने नव्हे तर बोलावणाऱ्याने ठरवले पाहिजे.

आपल्या कर्मचाऱ्यांना पगारी वेळेत परदेशातल्या गरजू समाजांत पाठवण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांनी गेल्या पंचवीसेक वर्षांत रुजवली. फायझर या औषध कंपनीने २००३ मध्ये असा उपक्रम सुरू केला. आयबीएमचा २००८ मध्ये, ग्लॅक्सोस्मिथक्लाइनचा २००९ मध्ये आणि सॅपचा २०१२ मध्ये सुरू झाला. औषध कंपन्यांची माणसे साधारण तीन ते सहा महिने राहत. आयबीएम आणि सॅपच्या तुकड्या महिनाभरासाठी येत आणि हिशेबाची पद्धत, संगणकीय नोंदी, मालाचे वितरण अशा कामांत स्थानिक संस्थांना मदत करत. घाना, टांझानिया, केनियापासून भारतापर्यंत अनेक देशांत हे प्रयोग झाले. याखेरीज एक दुसरा, फार सोपा प्रकार आहे. परिषदेसाठी किंवा कारखान्याच्या भेटीसाठी आलेले परदेशी अधिकारी एखादा दिवस वस्तीत येतात, शाळेची भिंत रंगवतात, चार झाडे लावतात, छायाचित्रे घेतात आणि निघून जातात. दोन्ही प्रकारांना नाव एकच असले, तरी त्यांच्या परिणामांत मोठे अंतर आहे.

पाहुण्यांचा उत्साह सगळ्यांना दिसतो, यजमान संस्थेचे श्रम मात्र कोणी मोजत नाही. दहा जणांची तुकडी पाच दिवसांसाठी आली असे समजू. त्यांच्यासोबत दुभाषी हवा. वस्तीतल्या घरांत घेऊन जाणारी, लोकांच्या ओळखीची ताई हवी. प्रवास, जेवण, पिण्याचे पाणी आणि आजारपण यांकडे लक्ष देणारा माणूस हवा. एवढ्यासाठी संस्थेचे तिघे कार्यकर्ते अडकले तरी पंधरा कार्यदिवस जातात, आणि आधीची तयारी व नंतरची आवराआवर यात धरलेली नाही. बहुधा हे तिघे संस्थेतले सर्वांत अनुभवी असतात, कारण परक्या माणसाला वस्ती समजावून सांगणे नवख्याला जमत नाही. त्या दिवसांत त्यांची रोजची कामे थांबतात. कायद्याच्या बाबीही आहेत. परदेशी पाहुणा मुक्कामी आला की यजमानाला २४ तासांच्या आत नोंद करावी लागते. पर्यटक व्हिसावर विनामोबदला स्वयंसेवा करण्याची मुभा जास्तीत जास्त महिनाभर असते. परदेशातून देणगी घ्यायची तर परकीय अंशदान कायद्याखालची नोंदणी लागते. हे सगळे सांभाळायला छोट्या संस्थेत वेगळा माणूस क्वचितच असतो.

मदतीच्या जागी नुकसान कसे होते, याचे ठळक उदाहरण कंबोडियाचे आहे. तिथे २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्यांतल्या चारपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या अनाथालयांकडे येत होत्या, म्हणून अनाथालये वाढली आणि ती भरण्यासाठी गरीब घरांतली मुले आणली गेली. पाहुण्यांचा हेतू चांगला होता, तरी त्यांच्या येण्याने तयार झालेली मागणी मुलांना घरापासून तोडत होती. इव्हान इलिच या विचारवंताने १९६८ मध्येच मेक्सिकोत, तिथे सेवेसाठी आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर उभे राहून सांगितले होते की सद्हेतू पुरेसा नसतो. गरिबांवर आपले जगणे लादण्यापेक्षा या विद्यार्थ्यांनी परत जावे हे बरे, असे इलिचचे म्हणणे होते. इतक्या टोकाला जाण्याची मला गरज वाटत नाही, कारण याच्या उलट घडल्याचे दाखले आपल्या महाराष्ट्रातच आहेत.

पहिला दाखला आनंदवनचा. १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांच्याकडे आले. स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी पहिल्या महायुद्धानंतर, १९२०च्या सुमारास, या चळवळीचा पाया घातला. १९३४च्या भूकंपानंतर तिचे लोक बिहारमध्येही श्रमदानाला आले होते. आनंदवनात त्यांनी कुष्ठरुग्णांच्या बरोबरीने बांधकाम केले. विटा-मातीची कामे करणारी माणसे विदर्भात मिळाली नसती असे नाही. पण कुष्ठरुग्णाची सावलीही टाळण्याच्या त्या काळात परदेशी तरुण त्यांच्यासोबत घाम गाळताना आणि एका पंगतीत जेवताना दिसले, आणि आसपासच्या लोकांच्या मनातली भीती सैल व्हायला मदत झाली. म्हणजे तिथे पाहुण्यांच्या बाहेरचे असण्याचाच उपयोग झाला. मात्र काय बांधायचे आणि कोणासाठी, हे आनंदवनाने ठरवले होते. पुढे १९६७ पासून बाबा आमटे यांच्याच सोमनाथ प्रकल्पात श्रमसंस्कार छावणी भरू लागली. तिथेही येणाऱ्या तरुणाला छावणीच्या शिस्तीत राहावे लागते, छावणी त्याच्या सोयीप्रमाणे बदलत नाही.

दुसरा दाखला जामखेडचा, आणि तो या विषयाच्या अधिक जवळचा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले दांपत्य. त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या रुग्णालयात काम केले. बरे होऊन गेलेले रुग्ण तेच टाळता येण्याजोगे आजार घेऊन परत येतात, हे त्यांनी तिथे पाहिले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. प्रकल्पाच्या गावांत बालमृत्यूचे प्रमाण १९७१ साली दर हजारी १७६ होते. १९९०च्या दशकात ते विशीच्या घरात आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जगातल्या निवडक प्रयोगांमध्ये जामखेडची नोंद झाली, आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्यानंतर जगभरातून जामखेडला येणाऱ्यांची रीघ लागली. त्यांचे काय करायचे, या प्रश्नाला प्रकल्पाने दिलेले उत्तर प्रत्येक यजमान संस्थेने अभ्यासावे असे आहे. या पाहुण्यांना प्रकल्पाने मदतनीस न मानता विद्यार्थी मानले. त्यांच्यासाठी प्रशिक्षण संस्था उभारली, अभ्यासक्रम आखले, आणि शिकवणाऱ्यांमध्ये गावच्या आरोग्यसेविकांना मानाचे स्थान दिले. वैद्यकीय पदवी घेतलेला परदेशी डॉक्टर खाली बसून ऐकतो आहे, आणि कधी शाळेत न गेलेली बाई त्याला अतिसार कसा रोखायचा आणि गाव कसे एकत्र करायचे हे समजावते आहे, अशी ही रचना आहे. पाहुण्यांच्या येण्याने गावाचा कमीपणा अधोरेखित होत नाही, गावाचे ज्ञान मोलाचे ठरते, आणि यजमानाच्या वेळेलाही मोल मिळते. २०१० मध्ये जागतिक आरोग्यशिक्षणाच्या नीतीविषयी अभ्यासकांच्या एका गटाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. यजमानावर पडणारा भार मान्य करून त्याची भरपाई व्हावी आणि लाभ दोन्हीकडे पोहोचावा, हा त्यांचा गाभा होता. जामखेडने हे आपल्या अनुभवातून कितीतरी आधी आचरणात आणले होते.

यावर काही आक्षेप येतात आणि ते गांभीर्याने घ्यावे लागतात. पहिला असा की, फुकट मिळणाऱ्या मदतीला अटी घातल्या तर कंपनी दुसरीकडे जाईल. लहान संस्थेची ही भीती खरी आहे. पण ही मदत यजमानाला फुकट पडत नाही, हे वर पाहिलेच. आपल्या कायद्याची बाजूही समजून घ्यावी. २०१३च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. त्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती या खर्चात धरता येत नाही, असा खुलासा केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने केलेला आहे. म्हणजे कर्मचारी एक दिवस वस्तीत आले म्हणून कंपनीची आर्थिक जबाबदारी संपत नाही. माणसे पाठवणारी कंपनी त्यांच्या यजमानपदाचा खर्च देऊ शकते, आणि तो मागण्यात संस्थेने संकोच करू नये.

दुसरा आक्षेप असा की, गरिबी डोळ्यांनी पाहून अधिकाऱ्यांची दृष्टी बदलते, ते पुढे आयुष्यभर मदत करतात, आणि हा लाभ हिशेबात का धरायचा नाही? तो जरूर धरावा. पण मग उपक्रमाचा उद्देश पाहुण्यांचे शिक्षण हा आहे, असे प्रामाणिकपणे मांडावे आणि जामखेडप्रमाणे त्या शिक्षणाचे शुल्क द्यावे. सेवा म्हणून एक गोष्ट सांगायची आणि घ्यायची दुसरी, यात वस्तीची फसवणूक होते. तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो: इथल्या प्रश्नांना इथलीच माणसे पुरेशी आहेत, परदेशी कशाला? भिंत रंगवायला आणि खड्डे खणायला ती खरोखरच पुरेशी आहेत. त्या कामासाठी विमानाने माणूस आणणे हा अपव्यय आहे आणि स्थानिक मजुराचा रोजगारही त्यात बुडतो. पण कौशल्य दुर्मीळ असेल, किंवा आनंदवनाप्रमाणे बाहेरच्या माणसाच्या उपस्थितीनेच एखादी कोंडी फुटत असेल, तर त्याला नाकारण्यात शहाणपणा नाही.

मुकुंदवाडीच्या पाण्याचेच पाहू. हे शहर पैठणच्या नाथसागरातून पाणी उचलते. धरणात पाणी असतानाही शहराच्या नळांना रोज पाणी येत नाही, कारण अडचण जलवाहिनीची, वितरणाची आणि नियोजनाची आहे. नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले, आणि ती पूर्णत्वाला नेणे हे शासनाचे व महापालिकेचे काम आहे. पाहुण्यांची कोणतीही तुकडी ते करू शकणार नाही, आणि तसा आव आणला तर जबाबदार यंत्रणेवरचा दाब तेवढा कमी होईल. मात्र पाण्याचे जाळे समजणारा अभियंता दोन-तीन महिने वस्तीत राहिला, तर तो इथल्या बायकांसोबत बसून कोणत्या गल्लीत नळ आहेत, कुठे गळती आहे, टँकर किती दिवसांनी येतो आणि एका कुटुंबाचे पाण्यावर महिन्याला किती पैसे जातात, याचा नकाशा तयार करू शकेल. नोंदी ठेवण्याची पद्धत तो वस्तीतल्या तरुणांना शिकवील, आणि तो गेल्यावर त्या नोंदी हातात घेऊन लोक महापालिकेशी बोलतील. तो माणूस जर्मनीचा असो, कोरियाचा असो की शेंद्र्याच्या कारखान्यातला आपल्याच जिल्ह्यातला असो. शेवटच्या पर्यायाचा मोठा फायदा असा की तो पुढच्या महिन्यातही येऊ शकतो.

म्हणून यजमान संस्थांनी पाहुणे येण्याआधी काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. काम संस्थेच्या चालू योजनेतले असावे, पाहुण्यांसाठी मुद्दाम काढलेले नसावे. कामाला लागणारा काळ पाहुण्यांनी द्यावा, आणि तेवढा वेळ नसेल तर सरळ शिकण्यासाठी यावे. दुभाषी, प्रवास, निवास आणि कार्यकर्त्यांचा वेळ यांचा खर्च कंपनीने उचलावा. मुलांशी संपर्क कार्यकर्त्यांच्या उपस्थितीतच असावा आणि पालकांच्या संमतीशिवाय कोणाचेही छायाचित्र घेतले जाऊ नये. काम संपल्यावर त्याची देखभाल कोण करणार, हे आधीच ठरलेले असावे. आणि वर्षभराने त्या कामाचे काय झाले, हे कंपनीने वस्तीत येऊन वस्तीच्याच तोंडून ऐकावे.

आपल्याकडे पाहुण्याला देव मानतात, त्यामुळे त्याला अट घालणे अनेकांना अवघड वाटते. पण इथे पाहुणचार करणारी संस्था स्वतःच्या घरचे देत नसते. ज्या वेळेवर आणि पैशावर वस्तीतल्या लोकांचा हक्क आहे, त्यातून ती देत असते, आणि तो उधळण्याचा अधिकार तिला नाही. संभाजीनगर परिसरातल्या कंपन्यांना माझी विनंती आहे की, पुढच्या वेळी माणसे पाठवण्याआधी वस्तीत एक माणूस पाठवा, तिथल्या संस्थेला आणि बायकांना काय हवे ते विचारा, आणि उत्तर ‘सध्या कोणी नको’ असे आले तर तेही मान्य करा. संस्थांनाही सांगणे एवढेच, की नाही म्हणायला शिका. नाही म्हणू शकणाऱ्या यजमानाकडे जे पाहुणे येतील, त्यांचेच काम वस्तीत टिकेल.