इंजिन बदललं, पण गाडी?

१९९३ सालची गोष्ट. माझे मामू रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर जुनी पेट्रोल अँबॅसडर भाड्यानं चालवीत. कमाईचा मोठा वाटा टाकीतच जाई. डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त. मामूंनी घरातलं सोनं गहाण ठेवलं, मोडीत निघालेल्या अँबॅसडरचं डिझेल इंजिन विकत घेतलं आणि आपल्या गाडीत बसवलं. दोन्ही इंजिनं १४८९ सीसीचीच. मग अडचण कसली, असं त्यांना वाटलं.

आता दोन्हींतला फरक पाहा. पेट्रोल इंजिनात इंधन ठिणगीनं पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तिथं हवा वीसपटीच्या आसपास दाबली जाते आणि इतकी तापते, की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. एवढा दाब सोसायचा, तर इंजिन जाडजूड हवं. ते जड असतं, हादरेही जास्त देतं आणि सुरू करायला बॅटरीचा जोरही अधिक लागतो. म्हणून इंजिनाबरोबर ते ज्यांवर टेकतं ती माउंटिंगची रबरं, पुढचं सस्पेन्शन, बॅटरी, स्टार्टर हे सगळंच पाहावं लागतं.

मामूंनी खर्च वाचवायला जुनीच रबरं ठेवली. दोन महिन्यांनी, रात्री आंबा घाटात एक रबर फाटलं. इंजिन पुढे सरकलं आणि पंख्यानं रेडिएटर कापला. प्रवासी खाली उतरून बाजूला थांबले होते, म्हणून वाचले. बंद गाडीवर मागून ट्रक आदळला. विम्याचे पैसेही मिळाले नाहीत. आर.सी. बुकात इंजिन नंबर जुना आणि इंधन 'पेट्रोल'!

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नेमकं याविषयी आहे. कंपनीनं ठरवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवायचं असलं, तरी आरटीओची मान्यता घ्यावी आणि नवा नंबर आर.सी.वर चढवून घ्यावा.

तेव्हा जुन्या गाडीचं इंजिन बदलायचं मनात असेल, तर मिस्त्रीकडे जाण्याआधी आरटीओत जा. आणि हिशेब नुसत्या इंजिनाचा करू नका, त्याच्या भोवतालच्या सगळ्याचा करा. मामूंनी तो केला नाही. त्यांचं सोनं काही सुटलं नाही.