फोमच्या भिंती घ्याव्यात की चिरा?

आखातात राबून साठवलेल्या पैशांतून गावी घर बांधावे, हे कोकणातील कित्येक कुटुंबांचे स्वप्न. अशा वेळी मुलगा फोमच्या ठोकळ्यांच्या भिंतींचा आग्रह धरतो, अब्बा जांभ्या चिऱ्यावर अडून बसतात. आपण कोणाचे ऐकावे?

या पद्धतीत थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकमेकांत अडकवून रचतात, आत सळया घालून काँक्रीट ओततात. ठोकळे काढत नाहीत. तेच भिंतीचे अस्तर होतात. फोममधली कोंडलेली हवा उष्णता अडवते, एसीचे बिल कमी येते, बाहेरचा गोंगाट घटतो. आतली सलग काँक्रीटची भिंत मजबूतही असते.

पण खर्च जास्त, आणि जाणकार कारागीर हवेत. काँक्रीट घाईने ओतले तर ठोकळे फुगतात, फुटतातही. फोम जळतो, म्हणून आतून प्लास्टर हवेच. वाळवी त्यात लपून वाट काढते. खिडक्या, आरपार जाणारे पाइप आधीच ठरवावे लागतात. नंतर काँक्रीट फोडणे महागात पडते.

आखातात दारे-खिडक्या बंद ठेवून दिवसरात्र एसी चालतो, तिथे असा खर्च भरून निघतो. आपण कोकणात वाऱ्यासाठी खिडक्या उघड्या ठेवतो, आणि एकमजली घर तापते ते मुख्यतः छपरातून. म्हणून एसी सतत चालणार नसेल, तर भिंती चिऱ्याच्याच ठेवाव्यात. उरलेला पैसा छपराला आणि पडवीच्या सावलीला लावावा, असे आम्हाला वाटते. मग मुलाचा गारवाही मिळेल, अब्बांचा चिराही राहील.