राजाच्या दूताच्या तोंडावर दार!
ब्रिटनमध्ये सरकार राजाचं, कायद्याला संमती राजाची, पार्लमेंटचं अधिवेशन सुरू करताना भाषणही राजाच वाचतो. लिहून मात्र मंत्रिमंडळ देतं! खरी गंमत त्याच दिवशी बघा. राजाचा दूत, 'ब्लॅक रॉड', खासदारांना बोलवायला निघतो आणि कॉमन्स या खासदारांच्या सभागृहाचं दार त्याच्या तोंडावर धाडकन लावलं जातं. काठीने तीनदा ठोठावल्यावरच आत घेतात. कारण ४ जानेवारी १६४२. राजा पहिला चार्ल्स शिपाई घेऊन पाच खासदारांना पकडायला कॉमन्समध्ये आला. पाचही जण आधीच पसार! सभापती लेंथॉल यांनी गुडघे टेकले, पण त्यांचा ठावठिकाणा सांगितला नाही. तेव्हापासून कामकाज चालू असताना एकही राजा-राणी तिथे गेलेली नाही. विधेयकाला संमती नाकारायचा हक्क? कागदोपत्री आहे, शेवटचा वापरला अ‍ॅन राणीने, १७०८ मध्ये.