‘नंतर’ आणि ‘मुळे’

एका छोट्या रुग्णालयाच्या व्यवस्थापन समितीवर असताना वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. ‘नव्या यंत्रांमुळे नवजात बालकांचे मृत्यू घटले’, असे मी त्यात लिहिले. त्या एका वाक्याच्या आधारावर आणखी यंत्रे घेण्याचा ठराव समितीपुढे आला. तेव्हा तिथल्या एका सिस्टरांनी विचारले, “सर, यंदा अत्यवस्थ बाळं आपण मोठ्या दवाखान्यात पाठवली. त्यांचं पुढं काय झालं, ते यात धरलंय का?” धरले नव्हते. चौकशी करून ती बाळे मोजली, तेव्हा घट जवळजवळ उरली नाही. मृत्यू यंत्रे आल्या‘नंतर’ कमी दिसले होते. मी ‘मुळे’ लिहून बसलो होतो.

‘नंतर’पासून ‘मुळे’पर्यंत जायचे तर तुलना लागते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ती केली. १९९५ पासून ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रिया घरोघरी जाऊन बाळाचे वजन करीत, त्याला ऊब कशी द्यावी हे आईला शिकवीत आणि जंतुसंसर्ग ओळखून औषधोपचार करीत. आणखी ४७ गावांत ही सेवा नव्हती, पण जन्म-मृत्यूची नोंद तिथेही ठेवली जात होती. सेवा नसती तर काय घडले असते, ते या ४७ गावांनी सांगितले. त्यांच्याशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. त्यात दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा, तर घरी जन्मलेल्यासाठी सात भेटी ठरल्या. एका ठिकाणचा पुरावा दुसरीकडे नेताना परिस्थितीप्रमाणे असा बेतावा लागतो.

आता कोणताही अहवाल हाती आला की मी तीन प्रश्न विचारतो. तुलना कोणाशी केली? मोजणीतून कोण सुटले? तिथले इथे लागू पडेल का? उत्तरे मिळेपर्यंत ‘नंतर’ लिहितो. ‘मुळे’ हा शब्द लहान आहे. पण त्याच्या भरवशावर पैसा खर्च होतो, आणि चुकला तर किंमत बाळे मोजतात.