आजेसासऱ्यांची मोटार गेली कुठं?

मैत्रिणींनो, सासरच्या भिंतीवर उघड्या टपाच्या, दोघांपुरत्या स्पोर्ट्स गाडीत ऐटीत बसलेले आजेसासरे असतील, तर ‘गेली कुठं ती गाडी?’ हे तुम्हीही विचारलं असेल. शोध लागू शकतो बरं का! मात्र फोटोतल्या नंबराच्याच मागं लागू नका. आपलं परभणी १९४८ पर्यंत निजामाकडं, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. ‘एमएच-२२’ तर १९८९ नंतरचं. गाडी परराज्यात गेली की नंबर बदलतो, नवा मालक रंगही बदलतो.

टिकतो तो चेसिस नंबर. तो असतो जुन्या आरसी बुकात, विम्याच्या कागदांत. म्हणजे सासूबाईंच्या ट्रंकेत! दिवाळीच्या आवराआवरीत ते पिवळे कागद रद्दीवाल्याला देऊ नका.

इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग अमेरिकेची. इंदूरला आली नि पुन्हा अमेरिकेत गेली, तरी शौकिनांनी तिचा माग सोडला नाही. (राजाची गाडी, म्हणा!) आपल्याकडं पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना २०२१ च्या नियमानं ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, त्यामुळं अशी गाडी भंगारात न जाता कुणा शौकिनाकडं असू शकते.

गाडी विकली कुणाला, हे मात्र कागदापेक्षा घरातल्या थोरल्यांनाच ठाऊक. दुपारच्या चहाला त्यांना विचारा, आणि लगेच लिहून ठेवा.